बोअरचं जड पाणी: कूलर, गिझर आणि वरण सांभाळण्याची रीत

नागपुरात बऱ्याच घरांत दोन तऱ्हेचं पाणी असतं. एक मनपाचं, पेंच किंवा कन्हानहून शुद्ध होऊन आलेलं. दुसरं बोअरचं, खडकातल्या भेगांमधून कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवत वर आलेलं. गच्चीवरच्या एकाच टाकीत दोन्ही सोडलं, की चांगलं पाणीही वाया गेलं. म्हणून सॉफ्टनरच्या (पाण्याचा जडपणा काढणाऱ्या यंत्राच्या) चौकशीआधी प्लंबरकडून टाक्या वेगळ्या करून घ्या. क्षार मुख्यतः दोनच जागी बसतो: पाणी तापतं तिथे आणि पाणी उडून जातं तिथे. फ्लश आणि अंगण बोअरवर खुशाल चालू द्या. गिझर, कूलर आणि स्वयंपाकघर मनपाच्या टाकीवर घ्या.

पाणी किती जड आहे, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम किती आहे, हे टीडीएस मीटर सांगत नाही. तो सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजतो, त्यात साधं मीठही आलं. जडपणा मोजायला थेंबांचं किट मिळतं. नमुन्यात आधी रंग टाकायचा, मग एकेक थेंब. लालसर पाणी निळं झालं की थांबायचं आणि थेंबांच्या संख्येला किटवर दिलेल्या आकड्यानं गुणायचं. आयएस १०५०० या मानकात पिण्याच्या पाण्याला लिटरमागे २०० मिलिग्रॅम जडपणा मान्य आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत. ही मर्यादा पिण्याची. गिझरला त्रास २०० च्या आतच सुरू होतो.

सगळ्यात जास्त क्षार साचतो कूलरमध्ये. मे महिन्यात मोठा लोखंडी कूलर दिवसाला ४० लिटर पाणी सहज उडवतो. बोअरचा टीडीएस लिटरमागे ८०० मिलिग्रॅम असेल, तर रोज ३२ ग्रॅम क्षार मागे राहतो, कारण वाफेबरोबर तो जात नाही. ६० लिटरच्या टाकीत नुसतं वरून पाणी ओतत राहिलात, तर तीन दिवसांत तिथलं पाणी मूळच्या तिप्पट खारं होतं. बॉलकॉक बसवला की लोक निर्धास्त होतात, पण टाकी कधीच रिकामी होत नसल्यानं घोटाळा तिथेच होतो.

दर तिसऱ्या दिवशी विजेचा प्लग काढून टाकीचं बुच उघडा, सगळं पाणी सोडा, तळाचा गाळ पुसून घ्या. नवं पाणी भरल्यावर पंखा बंद ठेवून नुसता पंप दहा मिनिटं चालवा आणि तेही पाणी सोडून द्या. पॅडवरचा ओला क्षार धुऊन निघतो. (डासांच्या अळ्यांसाठी आठवड्यातून एकदा कूलर कोरडा करायचाच असतो, ते कामही यातच होतं.) पॅडवर कोरडा पट्टा दिसला, तर वरच्या पाइपची भोकं बुजली आहेत. बारीक तारेनं मोकळी करा, नाहीतर त्या पट्ट्यातून थेट गरम हवा आत येते. हनीकोंब पॅडवर ब्रश घासू नका, कडा फाटतात. वरून खाली हलक्या धारेनं धुवा. लाकडी भुशाचं पॅड कडक झालं की बदलणंच बरं. लोखंडी टाकीत अ‍ॅसिड ओतू नका, जस्ताचा थर जाऊन गंज धरतो. आणि आरओचं वाया जाणारं पाणी कूलरला देऊ नका. घरातलं सगळ्यात क्षारयुक्त पाणी तेच. फरशीला वापरा, फार तर.

गिझरमध्ये क्षाराचा थर बसला की उष्णता पाण्यात नीट जात नाही, एलिमेंट (पाणी तापवणारी नळी) आतल्या आत तापतो आणि शेवटी त्याचं कवच फुटतं. मग विजेचा झटका बसायची भीती असते, म्हणून गिझरच्या लाइनवर आरसीसीबी (वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच) हवाच. थर्मोस्टॅट ५० ते ५५ अंशांवर ठेवा. ६० च्या वर क्षार झपाट्यानं बसतो. गिझरमधून कटकट आवाज येणं म्हणजे थर साचल्याची खूण.

सफाई अशी: एमसीबी बंद करा, पाणी थंड होऊ द्या, आत येणारी लाइन बंद करून गरम नळ उघडा, मग टाकी रिकामी करा. फ्लँज (एलिमेंट बसवलेलं झाकण) उघडून तळचा चुरा काढा. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराणा दुकानातलं निंबूसत, विरघळवून एलिमेंटचा फक्त पाण्यात राहणारा भाग बुडवा, तारांची टोकं नाही. बुडबुडे थांबले की काढून धुवा. मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड (टाकीऐवजी स्वतः झिजणारी कांडी) अर्ध्याहून बारीक झाला असेल तर नवा घाला, नाहीतर टाकीच सडते. गॅस्केटही नवीच लावा. गरम नळातून सलग धार येईपर्यंत वीज चालू करू नका. कोरडा एलिमेंट मिनिटांत जळतो. वायरिंगची सवय नसेल तर हे काम मेकॅनिककडूनच करून घ्या. सेफ्टी व्हॉल्व्हचा खटका मात्र अधूनमधून उचलून तो अडकला नाही ना, एवढं पाहत जा.

नळाची जाळी आणि शॉवरचं तोंड याच निंबूसताच्या पाण्यात अर्धा तास ठेवलं की मोकळं होतं. हे पाणी कडप्पा, कोटा किंवा संगमरवरावर सांडू देऊ नका. हे दगडही चुन्याचेच, त्यांची चकाकी लगेच जाते. संडासाचं अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र तर कधीच नको, त्यातून विषारी क्लोरीन निघतो.

बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, कारण कॅल्शियम डाळीतलं पेक्टिन घट्ट धरून ठेवतं. दुसरं पाणी नसेलच, तर पाणी दहा मिनिटं उकळा, निवू द्या, वरचं हलकेच ओतून घ्या; काही जडपणा तळाशी बसतो. डाळ तासभर भिजवा आणि चिंच-टोमॅटो शिजल्यावरच घाला. खायचा सोडा चिमूटभर चालतो, जास्त झाला तर वरणाला साबणाची चव येते आणि बी-१ जीवनसत्त्वही जातं.

कपड्यांसाठी धुण्याचा सोडा स्वस्त आणि पुरेसा. जडपणा ४०० असेल तर १५ लिटरच्या बादलीला साधारण ६ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर. आधी सोडा, दहा मिनिटांनी साबण. उलट केलंत तर साबणाचा साका आधीच झालेला असतो. रेशीम आणि लोकरीला हा सोडा नको.

सॉफ्टनर घ्यायचाच तर हिशेब करून घ्या. दिवसाला ५०० लिटर पाणी, जडपणा ४००, म्हणजे रोज २०० ग्रॅम जडपणा काढायचा. एक लिटर रेझिन (सॉफ्टनरमधले जडपणा धरून ठेवणारे बारीक मणी) साधारण ५० ग्रॅम पेलतं. २५ लिटर रेझिन सहा दिवस पुरेल. मग त्याला पुन्हा ताजं करायला तीन-साडेतीन किलो स्वच्छ खडेमीठ लागतं. ते वेळेवर न घातल्यास यंत्र नुसतंच उभं राहतं, पाणी जडच येतं. सॉफ्टनर टीडीएस कमी करत नाही. कॅल्शियमच्या जागी सोडियम सोडतो, दर १०० मिलिग्रॅम जडपणामागे सुमारे ४६ मिलिग्रॅम. म्हणून पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या नळाची लाइन सॉफ्टनरच्या आधीच वेगळी काढा, विशेषतः घरात कुणाला रक्तदाब असेल तर.