बालकर्करोगासाठी मंडळ काम करतंय? मग या चुका टाळा

सप्टेंबर हा बालकर्करोग जागृतीचा महिना. त्याच सुमारास गणपती असतात, त्यामुळे कोल्हापुरातल्या तालमींकडे माणसंही असतात आणि उत्साहही. तो वाया जाऊ नये एवढ्यासाठी हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकाच दिवशी महारक्तदान शिबिर. केमोथेरपी (केमो) चाललेल्या मुलाला वरचेवर प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, लागतात आणि त्या टिकतात साधारण पाचच दिवस. सगळ्यांनी रविवारी रक्त दिलं, की पुढच्या आठवड्यात आईवडील पुन्हा दाता शोधत फिरतात. शिवाय एकदा रक्त दिलं की पुरुषांना तीन आणि बायकांना चार महिने थांबावं लागतं, म्हणजे अख्खी पेठ एकदम बाद! त्यापेक्षा रक्तपेढीशी बोलून रक्तगटाप्रमाणे दात्यांची यादी करा आणि दर आठवड्याला चौघा-पाचजणांची पाळी लावा. मशीनवर नुसत्या प्लेटलेट्स देणाऱ्यांची यादी वेगळी ठेवा. त्याला तास-दीड तास लागतो, आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन चालत नाही, पण तोच दाता पुन्हा लवकर देऊ शकतो.

फलकावर नुसतं ‘जागरूक राहा’ छापून काय होणार? लक्षणं छापा: न हटणारा ताप, अंगावर निळे डाग, पोटात गाठ, फ्लॅशच्या फोटोत पांढरी दिसणारी डोळ्याची बाहुली. हा आजार संसर्गाने पसरत नाही, हेही ठळक लिहा.

मुलाचा फोटो, शाळा, वडिलांचा नंबर व्हॉट्सॲपवर टाकू नका. पोरगं बरं होऊन वर्गात बसलं तरी तो मेसेज फिरत राहतो. भेटायला झुंडीनं जाऊ नका. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा सर्दी-खोकलाही त्याला महागात पडतो.

आणि पहिल्या महिन्यातच सगळा निधी देऊन मोकळे होऊ नका. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन-तीन वर्षं चालतात. श्रीमंत देशांत कर्करोग झालेली ऐंशी टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. आपल्याकडे कितीतरी घरं उपचार अर्ध्यावर सोडतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचारांना मदत मिळते, पण महालक्ष्मी एक्सप्रेसची तिकिटं, मुंबईतलं राहणं, बुडालेला रोजगार यांचं काय? त्यासाठी दरमहा ठरावीक रक्कम द्या, उपचार संपेपर्यंत. आजीपाशी मागे राहिलेल्या भावंडाचा डबा आणि शाळेची ने-आण शेजारच्या दोन घरांनी वाटून घ्यावी.