बोदलेअर आणि ‘डेकॅडन्स’वर लिहिताय? या चुका टाळा

एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच साहित्यावर लेख लिहायला घेतला की गाडी बहुधा एकाच शब्दावरून घसरते : डेकॅडन्स. त्याचं ‘अधःपतन’ केलं की पुढे अफू, ॲबसिंथची दारू, वेश्यावस्ती अशी यादी लागते. लेखाचा पंचनामा होतो.

मुळात हा शब्द लॅटिनच्या वर्गातला. १८३४ मध्ये देझिरे निझार या समीक्षकाने उतरत्या रोमच्या कवींवर पुस्तक लिहिलं आणि त्या आडून आपल्याच काळातल्या रोमँटिकांना झोडपलं. शिवीच होती ती. १८६८ मध्ये फ्रेंच कवी बोदलेअरच्या कवितांना प्रस्तावना लिहिताना लेखक गोतिएने तिचा गौरव करून टाकला. मग १८८१ मध्ये पॉल बूर्जे या लेखकाने नेमकं बोट ठेवलं : या शैलीत पुस्तकाची एकसंधता मोडते आणि पान सुटं होतं, पानातून वाक्य सुटतं, वाक्यातून शब्द. म्हणजे प्रश्न भाषेचा आहे. तुमच्या लेखात कवीचं व्यसन दोन पानं आणि कवितेची ओळ एकही नाही असं झालं असेल, तर दुरुस्ती तिथूनच सुरू करा.

बोदलेअरला १८८० नंतरच्या ‘डेकॅडंट’ म्हणवणाऱ्या लेखकांच्या कंपूत बसवू नका. तो १८६७ मध्येच गेला. ‘डेकॅडन्सचं साहित्य’ या शब्दप्रयोगाची त्याने १८५७ मध्ये, अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो याच्यावरच्या टिपणात, यथेच्छ टर उडवली होती. त्याच वर्षी त्याच्या ‘ले फ्लर द्यू माल’ या कवितासंग्रहावर खटला होऊन सहा कविता वगळाव्या लागल्या, ती बंदी उठली थेट १९४९ मध्ये.

सगळ्यात चिवट चूक आधुनिकतेची. आधुनिक म्हणजे गॅसचे दिवे, रेल्वे, प्रगतीचा जयघोष, असं धरून चालतात. प्रगती या कल्पनेचाच बोदलेअरला तिटकारा होता. १८६३ च्या निबंधात तो म्हणतो, आधुनिकता म्हणजे क्षणिक, निसटतं, योगायोगाचं; कलेचं ते अर्धं अंग, दुसरं अर्धं शाश्वत. नुसती व्याख्या उतरवून थांबू नका, त्याची ‘हंस’ ही कविता उघडा. पॅरिसची नव्याने आखणी करणाऱ्या ओस्मानच्या काळात जुनं पॅरिस पाडलं जातंय. पिंजऱ्यातून सुटलेला एक हंस कोरड्या फरसबंदीवर बोटांमध्ये पडदे असलेले पाय घासत चाललाय, पांढरी पिसं खडबडीत जमिनीवरून फरफटताहेत. नाल्यात पाणी नाही. तो धुळीतच पंख बुडवतो. नव्या शहराबद्दलची ही कविता, आणि तिच्या मध्यभागी घर हरवलेला पक्षी.

उइस्मांसच्या ‘आ रबूर’ (१८८४) या डेकॅडंट कादंबरीबाबत एवढंच : नायक देझेसेंत म्हणजे लेखक नव्हे. नायक कासवाच्या पाठीवर सोनं चढवून रत्नं जडवतो आणि ते बिचारं त्या भाराने मरतं. लेखक मात्र वर्षानुवर्षं गृहखात्यात इमाने इतबारे नोकरी करत होता.

आणि ‘आधुनिक’ एका रकान्यात, ‘डेकॅडंट’ दुसऱ्यात असा तक्ता काढला असेल, तर खोडा. जगाला विटून घरात कोंडून घेतलेला हाच देझेसेंत दोन रेल्वे इंजिनांचं वर्णन बायकांच्या रूपासारखं रंगून करतो. नव्या पॅरिसात उभा राहून हंसासाठी हळहळणारा बोदलेअर आता कुठल्या रकान्यात घालाल?