ब्रिटनमध्ये डायटिशियन म्हणून नोंदणी: अर्ज अडकवणाऱ्या या चुका टाळा

ब्रिटनमध्ये ‘डायटिशियन’ हे पदनाम कायद्याने राखीव आहे. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलच्या (एचसीपीसी) नोंदवहीत नाव आल्याशिवाय ते लावता येत नाही. भारतात शिकलेल्यांसाठी आंतरराष्ट्रीय अर्जाचा मार्ग आहे. त्यात तुमचं शिक्षण आणि अनुभव एकत्र ठेवून तिथल्या प्रावीण्याच्या निकषांशी ताडून पाहिले जातात. रुग्णाला तपासून तुम्ही स्वतः कोणता निर्णय घेता, हे परीक्षकांना कागदावर दिसायला हवं. चांगले उमेदवार कमी पडतात ते इथेच.

भलत्याच संस्थेकडे जाणं

ब्रिटिश डायटेटिक असोसिएशन ही व्यावसायिकांची संघटना आहे. तिचं सदस्यत्व म्हणजे नोंदणी नव्हे. परदेशी पदव्यांची तिथल्या पदव्यांशी तुलना करणाऱ्या ‘यूके एनिक’ संस्थेचं प्रमाणपत्र पदवीची पातळी सांगतं, काम करण्याची परवानगी देत नाही. असोसिएशन फॉर न्यूट्रिशनची नोंदवही न्यूट्रिशनिस्टसाठी आहे आणि ती ऐच्छिक आहे. आपल्याकडची इंडियन डायटेटिक असोसिएशनची ‘आरडी’ (रजिस्टर्ड डायटिशियन) अर्जात जरूर दाखवा, पण तो सरकारी परवाना असल्यासारखं लिहू नका. ती संघटनेने दिलेली पात्रता आहे.

आजचा अभ्यासक्रम जोडणं

संकेतस्थळावरून सध्याचा अभ्यासक्रम उतरवून पाठवला की विषयांची नावं गुणपत्रिकेशी जुळत नाहीत आणि शंका सुरू होतात. तुम्ही ज्या वर्षी शिकलात त्याच वर्षाचा, विभागाचा शिक्का असलेला अभ्यासक्रम मिळवा. कॉलेज स्वायत्त असेल तर तो बहुधा विद्यापीठात नाही, कॉलेजातच मिळेल. प्रत्येक विषयाचे थिअरी आणि प्रॅक्टिकलचे तास त्यात असायला हवेत. या कामाला वेळ लागतो, सुट्टीत तर फारच. म्हणून ते इतर सगळ्याच्या आधी सुरू करा.

इंटर्नशिप एका ओळीत उरकणं

‘सहा महिने इंटर्नशिप, अमुक रुग्णालय’ एवढ्यावरून परीक्षकाला काहीच कळत नाही. ब्रिटनमधल्या पदवीत सुमारे १००० तासांचं प्रत्यक्ष काम असतं, तुलना त्याच्याशी होणार. वॉर्डनिहाय तास लिहा: मेडिसिन, आयसीयू, बालरोग, किडनी, ओपीडी, समाजातलं काम. आपल्याकडे इंटर्नचा बराच वेळ डाएट किचनमध्ये, ताटं तपासण्यात जातो. ते तास लपवू नका, पण वेगळे दाखवा. समाजातलं काम किंवा मानसिक आरोग्य यासारखा एखादा भाग शिक्षणात राहून गेला असेल, तर तो नोकरीच्या अनुभवातून भरून काढता येतो. मात्र तसं स्पष्ट लिहावं लागतं. परीक्षक अंदाज बांधत बसत नाहीत.

नोकरीचं वर्णन चिकटवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. ‘किडनीच्या रुग्णांना आहारसल्ला दिला’ यात तुमचा विचार कुठे दिसतो? त्याऐवजी असं लिहा: हिमोडायलिसिसवरच्या रुग्णाचं पोटॅशियम वाढून ५.८ आलं. आधी चुकलेलं डायलिसिस, बद्धकोष्ठता आणि औषधं पाहिली. खाण्याच्या नोंदीत रोजचं शहाळं आणि पोटॅशियम क्लोराइड असलेलं लो-सोडियम मीठ सापडलं. दोन्ही थांबवलं, भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यायला सांगितलं, नेफ्रॉलॉजिस्टला कळवलं, पुढच्या तपासणीत काय फरक पडला ते नोंदवलं. रुग्णाचं नाव आणि केसपेपर क्रमांक मात्र काढून टाका. गोपनीयता हाही तिथला निकष आहे.

असं लेखन करताना १ सप्टेंबर २०२३ पासून लागू झालेले प्रावीण्याचे निकष समोर ठेवा. इंटरनेटवर फिरणारे बरेच नमुने त्याआधीचे आहेत. एककंही तिथली वापरा: ग्लुकोजच्या मिलिग्रॅमच्या आकड्याला १८ ने भागलं की मिलिमोल मिळतात, आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.५ टक्के म्हणजे तिथे ४८ मिलिमोल प्रति मोल.

नावाचा घोळ

गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं नाव, कधी आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा, आणि लग्नानंतर आडनावही वेगळं. विवाह प्रमाणपत्र आणि, नाव बदललं असेल तर, राजपत्राची प्रत सोबत जोडा. मराठीतल्या दाखल्यांना प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं.

इंग्रजीत फक्त सरासरी पाहणं

डायटिशियनसाठी आयईएलटीएसमध्ये एकूण ७.० आणि चारही भागांत किमान ६.५ ही अट आहे. रायटिंगमध्ये ६.० आले तर एकूण ७.५ असूनही उपयोग नाही. परीक्षा फार लवकर देऊन ठेवू नका, निकालाला मुदत असते. कागद जमत आले की द्या. अर्ज भरण्याच्या दिवशी एचसीपीसीच्या संकेतस्थळावर अट आणि शुल्क पुन्हा तपासा. छाननी शुल्क परत मिळत नाही.

नोंदणीआधीच पदनाम लावणं

ब्रिटनमध्ये राहून, नोंदणी नसताना, लोकांची दिशाभूल होईल अशा रीतीने सोशल मीडियावर स्वतःला डायटिशियन म्हणवणं हा गुन्हा ठरू शकतो. नोंदणी होईपर्यंत डायटेटिक असिस्टंटचं काम करता येतं. त्यातून तिथल्या रुग्णालयाची पद्धतही अंगवळणी पडते. व्हिसा हा वेगळा विषय आहे, नोंदणीसोबत तो आपोआप मिळत नाही.

एचसीपीसीने जादा माहिती मागितल्यावर सगळंच पुन्हा पाठवणं

पत्रात ज्या निकषांचे क्रमांक दिले असतील तेवढ्यांनाच उत्तर द्या, आणि प्रत्येकापुढे कोणत्या कागदाच्या कोणत्या पानावर पुरावा आहे ते लिहा. नकार आला तर २८ दिवसांत अपील करता येतं. पत्रातली कारणं वाचून पाहा: पुरावा तुमच्याकडे होता पण नीट मांडला गेला नाही, असं असेल तर अपीलाचा विचार करा. शिक्षणात खरंच उणीव असेल, तर आधी ती अनुभवाने किंवा अभ्यासक्रमाने भरून काढा आणि मगच नव्याने शुल्क भरा.