दवाखान्यात कुटुंबनियोजनाविषयी कुणी बोललं का? हे मोजताना या चुका टाळा

आरोग्य कर्मचाऱ्यांकडून किती स्त्रियांना कुटुंबनियोजनाची माहिती मिळाली, हा आकडा सर्वांत जास्त चुकतो तो छेदात. गोंधळ सापडला की मी आधी तिथेच बघते.

डीएचएस (डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे) या अनेक देशांत होणाऱ्या लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणात आधी विचारतात, गेल्या १२ महिन्यांत दवाखान्यात गेला होतात का? उत्तर ‘हो’ असेल तरच पुढचा प्रश्न: तिथलं कुणी कुटुंबनियोजनाबद्दल बोललं का? जी गेलीच नाही तिचा या प्रश्नाचा रकाना (डेटामधलं त्याचं नाव व्ही३९५) कोरा राहतो आणि टक्केवारी काढताना ती बाई गुपचूप गळते. समजा १,००० स्त्रियांपैकी ६०० दवाखान्यात गेल्या आणि १५० जणींशी कुणीतरी बोललं. कोरे रकाने गाळले तर २५ टक्के, सगळ्याजणी धरल्या तर १५. पहिला आकडा दवाखान्याने हाताशी आलेली संधी किती साधली ते सांगतो, दुसरा निरोप किती जणींपर्यंत पोचला ते. दोन्ही कामाचे आहेत, पण एकाच्या जागी दुसरा छापला की दवाखान्याची पायरीच न चढलेल्या ४०० जणी अहवालातून नाहीशा होतात. मला हे फार लागतं, कारण सेवेची गरज बहुधा त्यांनाच जास्त असते.

घरी येणाऱ्या आरोग्य कार्यकर्तीचा प्रश्न वेगळा असतो. ही टक्केवारी दवाखान्याच्या टक्केवारीत मिळवू नका. एकच बाई दोन्हीकडे असू शकते. रेडिओ-टीव्हीवरचे संदेशही यात नकोत.

प्रश्नात नुसतं ‘डॉक्टर’ म्हटलं, तर नर्सने समजावलेली बाई ‘नाही’ म्हणून मोकळी होते. मुलाखतीच्या वेळी घरातलं कुणी शेजारी बसलेलं असलं तरी तेच.

शिवाय ‘बोललं’ म्हणजे नीट सांगितलं असं नव्हे. “आता काहीतरी वापरा” एवढं वाक्यही ‘हो’मध्येच जातं. दर्जा तपासायचा तर गर्भनिरोधक साधन वापरणाऱ्या स्त्रियांना तीन गोष्टी विचारा: दुष्परिणाम सांगितले का, त्रास झाला तर काय करायचं ते सांगितलं का, इतर साधनांची नावं घेतली का. तिन्हींना ‘हो’ आलं तरच माहिती पुरेशी धरतात.

आणि ‘सांगितलं म्हणून साधन वापरलं’ असं लिहायची घाई नको. तांबी बसवायला आलेल्या बाईशी हा विषय निघणारच. म्हणून तर डीएचएसच्या अहवालात यासाठी साधन न वापरणाऱ्या स्त्रियांचा वेगळा तक्ता असतो.