घाटात पिकअप ओढत नाही? आधी मोजा, मग खर्च करा

डबल-कॅब पिकअप दमली की पहिला फोन रिमॅपवाल्याला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवून देणाऱ्याला, जातो. इथेच पैसा वाया जायला सुरुवात होते. जुन्या गाडीची हरवलेली ताकद बहुतेक वेळा फाटक्या होजमध्ये, तुंबलेल्या फिल्टरमध्ये किंवा मोठ्या टायरमध्ये सापडते. ती शोधायची तर आधी हातात आकडा हवा.

ब्रोशरवरचा आकडा फ्लायव्हीलवरचा, म्हणजे थेट इंजिनच्या टोकावरचा असतो. इसुझू व्ही-क्रॉसचं १.९ लिटर डिझेल १६३ पीएस ताकद आणि ३६० एनएम टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतं, टोयोटा हायलक्सचं २.८ लिटर २०४ पीएस. चाकापर्यंत पोचताना गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियल आपला वाटा कापून घेतात. डायनोवर (चाकावरची ताकद मोजणारं रोलरचं यंत्र) साधारण १५ टक्के कमी दिसलं म्हणून घाबरू नका. डायनोवर गाडी टू-व्हीलमध्ये ठेवा, १:१ च्या सर्वांत जवळचा गिअर (ज्यात इंजिन आणि प्रॉपेलर शाफ्ट जवळपास सारख्याच वेगाने फिरतात) घ्या आणि लागोपाठ तीन रन मागा. तिसऱ्यात आकडा बराच घसरला, तर पंख्याची हवा इंटरकूलरला (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा रेडिएटर) पुरत नाहीये.

डायनो जवळ नसेल तर रस्त्यावरही मोजता येतं. टाकी भरून, सोबत्यासह गाडी वजनकाट्यावर घ्या. पावतीवरचा आकडाच वापरायचा. मग सपाट, मोकळा रस्ता आणि वारा नसलेली पहाट. एसी बंद, इंजिन पूर्ण गरम, डीपीएफचं (एक्झॉस्टमधल्या काजळीच्या फिल्टरचं) रिजनरेशन, म्हणजे साठलेली काजळी जाळणं, चालू नाही याची खात्री.

वेग फोनच्या जीपीएसवर मोजू नका. बहुतेक फोनमध्ये तो आकडा सेकंदाला एकदाच बदलतो, आणि इथे अख्खा खेळ तीन सेकंदांचा आहे. त्याऐवजी जीपीएसवर ताशी ६० आणि ८० किमीचा वेग स्थिर धरून स्पीडोमीटरचा काटा नेमका कुठे येतो ते पाहून ठेवा. तो सहसा थोडा पुढेच असतो. आता असा गिअर घ्या की ६० ला इंजिन २५०० आरपीएमच्या आसपास असेल. ५० पासूनच पेडल तळाला दाबा, म्हणजे ६० येईपर्यंत टर्बो भरलेला असतो. सोबत्याने काट्याचा व्हिडिओ घ्यायचा आणि ६० ते ८० चा वेळ नंतर फ्रेम मोजून काढायचा. मग ८५ पर्यंत जाऊन न्यूट्रल करा आणि गाडी आपोआप ८० वरून ६० वर यायला किती वेळ घेते तेही टिपा. दोन्ही दिशांना तीन-तीनदा, आणि सरासरी.

हिशोब सोपा आहे. ६० ते ८० साठी लागणारी ऊर्जा म्हणजे किलोतलं वजन गुणिले १०८, उत्तर ज्यूलमध्ये. समजा गाडी २१०० किलोची. ऊर्जा झाली २,२६,८००. वेळ ३.२ सेकंद लागला तर भागाकार सुमारे ७०.९ किलोवॅट. न्यूट्रलमध्ये १८ सेकंद लागले, म्हणजे हवा आणि टायर १२.६ किलोवॅट खात होते. बेरीज ८३.५, ०.७३५५ ने भागली की ११३ पीएसच्या वर. ही त्या पट्ट्यातली चाकावरची सरासरी आहे, कमाल नव्हे, आणि चाकं-इंजिन फिरवायला गेलेली ऊर्जा यात धरलेली नाही. ब्रोशरशी तुलना करायला हा आकडा नाही. आपल्याच गाडीचा दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा फरक पाहायला आहे. दोन-तीन टक्क्यांचा फरक दिसला तर तो मोजण्यातलाच समजा.

त्याच रनला ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे फोनवर दाखवणारा प्लग) लावून मॅप (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब), रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) आणि पेडलची टक्केवारी रेकॉर्ड करा. पेडल १०० च्या जवळ जात नसेल तर आधी खालची जाड मॅट काढा. हसू नका, हे घडतं. इंजिन बंद, चावी चालू असताना मॅप बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो: मुंबईत १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५ च्या जवळपास. यात मोठी तफावत म्हणजे सेन्सर काजळलेला.

बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) कमी आणि धूर काळा असेल तर इंटरकूलरच्या होजकडे वळा. चीर आयडलला मिटलेली असते, लोडवर उघडते, म्हणून उभ्या गाडीत सापडत नाही. होज काढा, खालची, ब्रॅकेटला घासणारी बाजू अंगठ्याने दाबून उलगडा. तेलकट काळी रेघ दिसली की चोर सापडला. होज शाबूत असेल तर टर्बोच्या व्हेनची (एक्झॉस्टचा झोत वळवणाऱ्या पात्यांची) हालचाल तपासा. एमएएफ सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) त्याच्याच स्प्रेने धुवा, ब्रेक क्लीनरने नाही, आणि पूर्ण वाळवूनच लावा.

बूस्ट ठीक, पण मागितलेल्या रेल प्रेशरपेक्षा प्रत्यक्ष दाब मागे पडत गेला, तर डिझेल फिल्टर बदला आणि तळाचं पाणी काढा. तरीही तेच असेल तर इंजेक्टरची लीक-ऑफ टेस्ट, म्हणजे प्रत्येकातून परत येणारं डिझेल मोजणं: चार रिटर्न नळ्यांना चार बाटल्या. एक बाटली इतरांपेक्षा भराभर भरली की दोषी तोच.

टायर विसरू नका. २४५/७० आर१६ काढून २६५/७५ आर१६ घातले की व्यास सुमारे ७ टक्के वाढतो आणि चाकाची ओढ तेवढीच घटते. इंजिनचा यात काहीच दोष नाही.

हे सगळं नीट असेल तरच रिमॅप. पेडल बॉक्स (पेडलच्या वायरीत जोडायचा छोटा डबा) ताकद वाढवत नाही, पेडल फक्त उतावळं करतो. बोनेटखालचा उघडा कोन फिल्टर गरम हवा ओढतो. डीपीएफ किंवा ईजीआर (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) काढून देणाऱ्याकडे जाऊ नका. प्रदूषणाचे नियम मोडतात आणि वॉरंटीही हातची जाते. रिमॅप करणाऱ्या ट्यूनरला सांगायचं ते हे, की २००० आरपीएमच्या खाली टॉर्क वाढवू नकोस, वरच्या पट्ट्यात वाढव. खालचा जादा टॉर्क आधी क्लच खातो. म्हणून रिमॅपआधी वरच्या गिअरला ६० वर पेडल पूर्ण दाबून पाहा: आरपीएम उडाले आणि वेग तिथेच राहिला, तर आधी क्लच प्लेट बदला.