चार ठिकाणी दुकान: कृषी सेवा केंद्राच्या शाखा कशा चालवाव्यात

कृषी सेवा केंद्र म्हणजे बियाणे, खते आणि कीटकनाशकांचं दुकान. लातूरला मुख्य दुकान आणि गोदाम. औसा, निलंगा आणि उदगीरला शाखा, असा पसारा धरून चालू. आपल्याकडे पाऊस सगळीकडे एकदम पडत नाही. निलंग्यात वापसा (पेरणीजोगी ओल) येऊन तिफण, म्हणजे पेरणी, चालू झालेली असते, तेव्हा उदगीरकडे अजून आभाळाकडे बघणं चालू असतं. त्यामुळे सोयाबीनचं सगळं बियाणं मे महिन्यातच शाखांना वाटून मोकळं होऊ नका. अंदाजे 60 टक्के पाठवा, उरलेलं लातूरच्या गोदामात ठेवा आणि जिथे 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होईल तिकडे गाडी लावा.

सगळं आधीच वाटलं की एका शाखेत तुटवडा आणि दुसरीकडे थप्प्या, मग माल या दुकानातून त्या दुकानात फिरवणं आलं. सोयाबीनला हे बाधतं. त्याचं साल पातळ, पोतं आपटलं की उगवण घटते, आणि प्रत्येक फेरीत चढ-उतार दोनदा होते. हमालाला पोतं खांद्यावरून टाकू देऊ नका, खाली ठेवायला लावा.

बियाणे, खते आणि कीटकनाशके यांचे परवाने प्रत्येक ठिकाणाला वेगळे लागतात. एका दुकानाच्या परवान्यावर दुसरं चालत नाही. गोदामही परवान्यावर दाखवा. जीएसटी नंबर मात्र राज्यात एकच पुरतो. नवीन शाखा किंवा गोदाम सुरू झालं की 15 दिवसांत ‘व्यवसायाचे अतिरिक्त ठिकाण’ म्हणून नोंदवा.

शाखेतून शाखेत माल जाताना विक्रीचं बिल फाडू नका. मालकी बदलत नाही, जीएसटी नंबर एकच, म्हणून कर नाही. डिलिव्हरी चलन, म्हणजे विक्री नसताना माल नेण्याचा कागद, लागतं. त्याच्या 3 प्रती: पहिली माल घेणाऱ्या शाखेला, दुसरी ड्रायव्हरकडे, तिसरी पाठवणाऱ्याकडे. करपात्र माल 1 लाख रुपयांच्या वर गेला की राज्यातल्या राज्यातही ई-वे बिल (माल वाहतुकीची ऑनलाइन नोंद) काढा. चलनावर नुसतं ‘सोयाबीन 40 बॅगा’ लिहून भागत नाही. वाण आणि लॉट नंबर (बॅगेवर छापलेला त्या खेपेचा क्रमांक) हवाच. उगवण झाली नाही म्हणून शेतकऱ्याची तक्रार आली की पाहणीला येणारे आधी लॉट विचारतात, आणि तो लॉट कोणत्या शाखेतून गेला हे सांगता आलं नाही तर चारही दुकानं अडकतात.

उतरवून घेणाऱ्याने गाडी जायच्या आत बॅगा मोजाव्यात, कमी-जास्त असेल ते चलनावरच लिहून ड्रायव्हरची सही घ्यावी. दुसऱ्या दिवशीच्या फोनला अर्थ नसतो.

अनुदानित खताचं प्रकरण वेगळं. ते पॉस मशिनवर (विक्रीची ऑनलाइन नोंद करणारं यंत्र) विकलं जातं आणि साठा त्या-त्या दुकानाच्या नावावर असतो. औशात युरिया संपला म्हणून निलंग्याहून 20 गोण्या तशाच आणल्या, तर एका मशिनवर माल दिसतो पण दुकानात नाही, दुसरीकडे दुकानात आहे पण मशिनवर नाही. तपासणीत नेमकं हेच धरतात. तेव्हा खत शाखांमध्ये फिरवायचंच नाही. प्रत्येक शाखेची मागणी वेगळी, आवक वेगळी.

बिलांना शाखेनुसार वेगळी मालिका ठेवा, जसं औ/25-26/001. क्रमांक 16 अक्षरांच्या पुढे जाऊ नये. क्यूआर कोडही शाखेगणिक वेगळा, नाहीतर संध्याकाळी कुणाचे पैसे कुठले ते उलगडत नाही. दुकान बंद करताना प्रत्येकाने रोख, ऑनलाइन, उधारी आणि वसुली असे चार आकडे पाठवावेत. गल्ल्यातल्या नोटा मोजलेल्या कागदाचा फोटो सोबत. उधारीची वही मात्र चौघांची एकच ठेवा, मोबाइल नंबरावर लावलेली. औशात थकलेलं गिऱ्हाईक निलंग्यात नव्याने खातं उघडतं, हा हंगामातला नेहमीचा प्रकार आहे.

साठ्याच्या मोजणीला सगळं दुकान काढू नका. दर आठवड्याला मालकाने निवडलेले 10 जिन्नस पुरे, त्यात 100 मिलीच्या महागड्या बाटल्या नक्की घ्या, कारण माल गायब होतो तो तिथेच. त्याच फेरीत मुदत तपासा. 3 महिने उरलेलं कीटकनाशक ज्या शाखेत त्या पिकाची फवारणी चालू आहे तिकडे हलवा. तुरीवरच्या अळीचं औषध तिची फवारणी संपायच्या आतच. मुदत संपलेलं असेल त्यावर ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का मारा आणि ते वेगळ्या कोपऱ्यात, ‘मुदत संपलेली कीटकनाशके’ अशी पाटी लावून ठेवा.