स्पोर्ट्स कारला वेगळ्या साइजचे टायर घालताय? मग हे एकदा वाचा

साताऱ्यात स्पोर्ट्स कार ठेवलीय म्हटल्यावर लोक आधी हसतात आणि मग फोटो काढतात, त्यामुळं त्यावर काय बोलत नाही. माझ्याकडं मर्सिडीजची जुनी एसएलके २०० आहे, आर१७१ म्हणजे २००४ ला आली ती पिढी, दोनच सीट, छत घडी होऊन डिकीत जातं. घेतली तेव्हा आधीच्या मालकानं १८ इंची अलॉय आणि २२५/४० चे टायर घातलेले, दिसायला एक नंबर. तिसऱ्याच आठवड्यात कोरेगाव रोडला उसाच्या ट्रॉलीमागं चाललो होतो, ट्रॉली खड्ड्यावरनं गेली, मागनं मी गेलो, तिला काही झालं नाही आणि माझ्या पुढच्या डाव्या टायरला लिंबाएवढा फुगा. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, फेकायचाच. त्यानंतर जे शिकलो ते लिहितोय. सगळे रुंद टायरच्या मागं लागतात, पण आपल्या रस्त्यांना टायर उंच पाहिजे, म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये रबर जास्त पाहिजे.

पायरी १ : कंपनीची साइज शोधा, अंगावरची नाही

सेकंडहँड गाडीवर आत्ता जो टायर आहे तो कंपनीचाच असेल असं धरू नका, मी तीच चूक केली. ड्रायव्हरचं दार उघडून खांबावर स्टिकर बघा, नाहीतर पेट्रोलच्या झाकणाच्या आत, नाहीतर गाडीच्या पुस्तकात. माझ्या गाडीला कंपनीनं १७ इंची रिमवर पुढं २२५/४५ आर १७ आणि मागं २४५/४० आर १७ दिलेत, पुढचं रिम साडेसात इंच रुंद आणि मागचं साडेआठ. पुढं-मागं वेगळी साइज बऱ्याच स्पोर्ट्स कारला असते, त्यामुळं चारी चाकांची साइज लिहून घ्या.

आकडे वाचायला सोपे आहेत. २२५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ४५ म्हणजे त्या रुंदीच्या ४५ टक्के उंचीची साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, आर म्हणजे रेडियल, १७ म्हणजे रिम किती इंची. पुढं ९१ डब्ल्यू असलं काहीतरी असतं, ९१ म्हणजे तो टायर ६१५ किलो वजन पेलतो आणि डब्ल्यू म्हणजे २७० किलोमीटर स्पीडपर्यंत चालतो. आपण कुठं २७० ने चाललोय, खंबाटकीत ट्रकमागं ४० ने चढतो, पण तरी वजनाचा आकडा आणि स्पीडचं अक्षर दोन्ही कंपनीच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत. वजनाच्या आकड्यात तर अजिबात तडजोड नको.

पायरी २ : कागद घेऊन गणित करा

दुकानात जायच्या आधी घरी बसून हे करायचं. टायरची पूर्ण उंची काढायची, म्हणजे साइडवॉल दोनदा आणि मध्ये रिम. माझा पुढचा बघा : २२५ चे ४५ टक्के म्हणजे १०१.२५, त्याची दुप्पट २०२.५, रिम १७ गुणिले २५.४ म्हणजे ४३१.८, बेरीज ६३४.३ मिमी. मागचा २४५/४० असाच काढला तर ६२७.८ येतो.

नवीन टायरची उंची कंपनीच्या टायरच्या तीन टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे, हा सगळीकडं चालणारा हिशोब आहे. मला रिम कंपनीची १७ इंचीच ठेवायची होती, म्हणून मी पुढं २१५/५० आर १७ आणि मागं २३५/४५ आर १७ धरले. पुढचा होतो ६४६.८, म्हणजे दोन टक्के वाढ, मागचा ६४३.३, म्हणजे अडीच टक्के. साइडवॉल पुढं ६ मिमीनं वाढली आणि मागं जवळपास ८ नं, आणि गाडीही साधारण तेवढीच उचलली गेली. रुंदी १० मिमीनं कमी झाली, ते बघून मित्र म्हणाला अरे लोक रुंद करतात आणि तू बारीक करतोयस, म्हटलं बारीक तर बारीक, फुगा नको. २२५/५० घातला असता तर अजून गुबगुबीत दिसला असता पण तो साडेतीन टक्क्यांवर जातो, म्हणून सोडला.

अजून एक हिशोब लोक विसरतात. पुढच्या आणि मागच्या टायरच्या उंचीत कंपनीनं जो फरक ठेवलाय तो फार बदलायचा नाही, कारण एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारं) आणि ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारं) चाकं किती फिरतायत हेच मोजत असतात. माझ्या गाडीला मूळ फरक एक टक्का होता, नवीन साइजमध्ये अर्धा झाला, चाललं. गाडी चारी चाकांवर ओढणारी असेल तर इथं हात आखडता घ्या, तिथं पुढं-मागं उंची बिघडली की गिअरच्या भागांवर ताण येतो आणि तो खर्च टायरच्या कितीतरी पट असतो.

स्पीडोमीटरही बदलतो. मागचा टायर अडीच टक्के मोठा म्हणजे काटा १०० दाखवेल तेव्हा आधीच्या मानानं गाडी १०२.५ ने पळते. मोबाईलच्या जीपीएसवर एकदा ताडून बघा, हायवेच्या कॅमेऱ्याला गणित सांगून उपयोग नाही.

पायरी ३ : टायर त्या रिमवर बसतो का

प्रत्येक टायरला किती रुंद रिम चालते ते ठरलेलं असतं, टायर कंपनीच्या तक्त्यात मिळतं. २१५/५० आर १७ ला ६ ते साडेसात इंच आणि २३५/४५ आर १७ ला साडेसात ते ९ इंच, म्हणजे माझ्या दोन्ही रिम त्यात बसल्या. बारीक टायर रुंद रिमवर ताणून बसवायची एक फॅशन आहे, त्यात रिमची कड उघडी पडते आणि पहिल्याच खड्ड्यात तीच वाकते. करू नका.

पायरी ४ : रिमसुद्धा बदलायची असेल तर

ज्यांना हे करायचं नाही त्यांनी पुढं जा. पीसीडी म्हणजे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास, माझ्या गाडीला ५ बोल्ट आणि ११२ मिमी. मधलं भोक ६६.६ मिमी. हे भोक हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्यावर, बसतं. नव्या रिमचं भोक मोठं असेल तर मधली जागा भरायला हब रिंग टाकायची, लहान असेल तर रिम बसणारच नाही. बोल्टची बैठकही बघा, मर्सिडीजच्या बोल्टचं डोकं खालून गोल असतं, बाजारातल्या बऱ्याच रिमना कोनासारखं लागतं, चुकीची जोडी घट्ट बसल्यासारखी वाटते पण बसलेली नसते.

आणि सगळ्यात जास्त गंडतं ते ऑफसेटमध्ये, ईटी लिहिलेलं असतं ते. रिमच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारी बाजू यांच्यातलं मिमीमधलं अंतर म्हणजे ईटी. माझी मूळ पुढची रिम साडेसात इंच ईटी ३६, आणि आधीच्या मालकानं घातलेली साडेआठ इंच ईटी ३५. ईटी जवळपास सारखाच आहे की, असं वाटतं ना? पण रिम एक इंच रुंद झाली, ती दोन्हीकडं वाढते, म्हणजे बाहेर जवळपास १४ मिमी आणि आत १२ मिमी. त्यामुळंच शेजारी कुणी बसलं की पुढचं चाक फेंडरला, म्हणजे चाकावरच्या पत्र्याला, घासायचं आणि मला वाटायचं बेअरिंग गेलं.

ब्रेक आणि रिमच्या दांड्या यांच्यात जागा किती आहे ते बघायला घरातनं कणकेचा गोळा न्या. नुसती रिम, टायर न चढवता, हबवर लावायची, कॅलिपरवर, म्हणजे ब्रेक पॅड धरणाऱ्या भागावर, कणीक चिकटवायची, हातानं एक फेरी फिरवायची, आणि मग चेपलेली कणीक मोजायची. ३ मिमीपेक्षा कमी राहिली तर ती रिम नको. आमच्या आईनं विचारलं कशाला नेतोस, सांगितलं गाडीला, त्यानंतर तिनं काही विचारलंच नाही.

पायरी ५ : टायर विकत घेताना

वेगळी साइज लगेच मिळत नाही हे धरून चाला. जून २०२० पासून बाहेरून नवीन टायर आणायला सरकारी परवाना लागतो, त्यामुळं काही साइज दुकानात येतात आणि मग गायब होतात. म्हणून पुढची आणि मागची दोन्ही जोडी हातात आल्याशिवाय जुने टायर विकू नका, मला मागची जोडी पुण्याहून मागवायला लागली आणि गाडी तोवर विटांवर.

साइडवॉलवर चार आकडी तारीख असते, २३२४ असेल तर २०२४ सालातला २३ वा आठवडा. आयएसआय मार्क बघा. एकाच एक्सलवर दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे. वापरलेले घेत असाल तर नक्षीची खोली १.६ मिमीच्या खाली कायद्यानंच चालत नाही, पण स्पोर्ट्स कारला वापरलेले घेऊच नका, हे माझं स्पष्ट मत आहे. गाडीवर रनफ्लॅट, म्हणजे पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे टायर, असतील आणि साधे घालणार असाल तर पंक्चरचं काय करायचं ते आधी ठरवा, त्या गाड्यांत बहुतेकदा स्टेपनीच नसते.

हा खर्च करायच्या आधीच इन्शुरन्सवाल्यांना साइज लिहून ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवरच आहे, आणि फेंडरच्या बाहेर आलेला टायर तर साताऱ्याच्या पोवई नाक्यावर पोलिसांना लांबूनही दिसतो.

पायरी ६ : बसवणं

कमी साइडवॉलचा टायर पहारीनं चढवणाऱ्याकडं जाऊ नका, रिमची कड उडते. मशिनवाला शोधा आणि तो काम करताना तिथंच उभे राहा. टायरवर बाण असेल तर फिरायची दिशा, 'आउटसाइड' लिहिलं असेल तर ती बाजू बाहेर. मला एका दुकानात, नाव घेत नाही, एक टायर उलटा बसवून दिला, विचारलं तर म्हणाला, "दादा, गोलच आहे की." नवीन व्हॉल्व, बॅलन्सिंग, मग चाक लावायचं.

बोल्ट आधी हातानं फिरवून बसवायचे, नंतर एकाआड एक, चांदणीसारखे, आणि शेवट टॉर्क पान्यानं, म्हणजे किती जोरानं घट्ट केलं ते मोजणाऱ्या पान्यानं. माझ्या गाडीला ११० न्यूटन मीटर, तुमच्या पुस्तकात काय आहे ते बघा. हवेच्या गननं घट्ट करून देणाऱ्याला नाही म्हणा, नंतर रस्त्यात पंक्चर झाल्यावर तो बोल्ट कुणाच्या बापाला सुटत नाही. हवा सकाळी टायर थंड असताना स्टिकरप्रमाणे भरायची. वजनाचा आकडा मूळच्या टायरइतका किंवा जास्त असेल तर तीच चालते. प्रेशर सेन्सर असेल तर रीसेट, आणि त्याच दिवशी अलाइनमेंट.

पायरी ७ : घासतंय का ते बघा

टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून साइडवॉल सुरू होते त्या कडेवर, जाड खडू फासा. स्टेअरिंग एका टोकाला पूर्ण फिरवून पुढं मागं करा, मग दुसऱ्या टोकाला. नंतर शेजारी एकजण बसवा, डिकीत सिमेंटचं एक पोतं टाका, आणि मोठ्या स्पीडब्रेकरवरनं हळू जा. आपल्याकडं त्यासाठी लांब जायला लागत नाही. खडू कुठं पुसला गेला ते टॉर्च लावून बघा. माझा उजवीकडं फेंडरच्या आतल्या प्लॅस्टिकच्या लायनरला लागत होता, बघितलं तर लायनरची एक क्लिपच तुटलेली, नवीन लावल्यावर थांबलं. पत्र्याला लागत असेल तर मात्र साइज बदला, पत्रा ठोकायच्या भानगडीत पडू नका.

मग यवतेश्वरचा घाट. सकाळी लवकर, गर्दी नसताना, वळणावर आवाज येतो का, ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढते का, ईएसपीचा दिवा उगाच लागतो का. नवीन टायर पहिले शंभर-दोनशे किलोमीटर जरा निसरडे असतात, तेव्हा तिथं रेस लावू नका. उंच साइडवॉलनं वळणावर गाडी आधीपेक्षा किंचित उशिरा वळते हे मला जाणवलं, खोटं कशाला बोलू, पण कासपर्यंत जाऊन आलो आणि बायकोनं एकदाही कंबर धरली नाही. घरी आल्यावर टायर गार होऊ दिले, टायर बसवल्यापासून ट्रिपचा आकडा शंभर किलोमीटरच्या पुढं गेलेला, पाना घेतला आणि वीसच्या वीस बोल्ट परत बघितले. मागच्या डाव्या चाकाचे दोन थोडे फिरले.